खिशातल्या पाच गोगलगायी

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही घराचं दार ढकललं, तेव्हा बाबांचा शर्ट खुंटीवर जसाच्या तसा लटकत होता. एक जड कपाट सोडलं तर बाकी घरात एक वस्तू जागेवर नव्हती. पलंग आडवा होऊन दारामागे येऊन बसला होता, गॅसची शेगडी मोरीत पडली होती, आणि भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर, छताला वीतभर कमी. म्हणजे तो शर्ट दिवसभर आणि रात्रभर पाण्याखाली होता. तरी खुंटी सोडली नव्हती त्याने. आईने तो खाली काढला. चिखलाने जड झाला होता. तिने खिशात हात घातला आणि एकेक करून पाच गोगलगायी बाहेर काढल्या.

पाचही बंद होत्या. आईने पहिली उचलली, तिच्या झाकणावर नखाने टकटक केलं आणि नाकाशी नेऊन वास घेतला. मग दुसरी, मग तिसरी. घरात घोटाभर चिखल होता, बाहेर गल्लीत लोक कुदळी-फावडी मागत ओरडत होते, आणि माझी आई खिडकीच्या उजेडात उभी राहून गोगलगायींचे वास घेत होती. पाचवी झाल्यावर ती म्हणाली, "समद्या जित्या हायत."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझे बाबापण असतील."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत असलेली. पण खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटलं.

हे सगळं कळायला आधी आमच्या बाबांचं काम सांगायला हवं. ते उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत परिचर होते. बरण्या पुसणं, टेबलं लावणं, आणि प्रॅक्टिकलला लागणारे जीव आणून देणं. आमचं घर बदलापुरात नदीच्या अंगाला, खालच्या बाजूला. त्यामुळे नदीची गोगलगाय ही त्यांची खास जबाबदारी. रविवारी सकाळी ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उल्हास नदीत उतरायचे आणि तळ पायांनी चाचपत चालायचे. "डोळ्यांनी शोधशील तर दगडच सापडतील," म्हणायचे. पायाच्या बोटांना काही गोल लागलं की वाकून उचलायचं आणि शर्टाच्या खिशात टाकायचं.

पावसाळ्यात बागेत, भिंतीवर फिरते ती गोगलगाय वेगळी. नदीतलीला दार असतं. अंग आत ओढून घेतलं की पायाच्या मागच्या बाजूला चिकटलेलं एक पातळ, तपकिरी झाकण शंखाच्या तोंडावर घट्ट बसतं. त्या झाकणावर एकात एक वर्तुळं असतात, झाडाच्या खोडात असतात तशी. उन्हाळ्यात पाणी आटलं की ती चिखलात शिरते, दार लावते आणि महिनोन् महिने तशीच पडून राहते. खाणं नाही, पिणं नाही, हालचाल नाही. बाबा याचाच फायदा घ्यायचे. जास्तीच्या गोगलगायी ते बिस्किटाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, सुकलेल्या चिखलात घालून फळीवर ठेवून द्यायचे. जूनमध्ये कॉलेज उघडलं की पातेलंभर पाण्यात सोडायच्या. तासाभरात एकेक दार किलकिलं व्हायचं आणि आतून काळपट पाय बाहेर यायचा. लहानपणी मला ते बघवायचं नाही. वर्षभर फळीवर पडलेली वस्तू अचानक चालायला लागते, हे मला कधीच आवडलं नाही.

मेलेली कशी ओळखायची हेही बाबांनीच शिकवलं होतं. दार ओढून धरायला जोर लागतो. मेली की जोर गेला, दार सैल पडतं, आणि मग वास सुटतो. "बंद आहे तोवर जिती आहे," ते म्हणायचे. "मेलेल्याला दार लावता येत नाही."

आई मूळची बारवीकडच्या एका पाड्यावरची. तिला या गोगलगायी प्रॅक्टिकलच्या नव्हे, कालवणाच्या वाटायच्या. उरलेल्या ती रात्रभर पाण्यात ठेवायची, म्हणजे पोटातला चिखल ओकतात. मग उकडून, सुईने मांस ओढून काढायची. मादी असेल तर दाताखाली बारीक कचकच लागायची. ही गोगलगाय अंडी घालत नाही, पिल्लंच घालते. शंख आणि दार लावूनच त्यांना बाहेर पाठवते. कॉलेजात मॅडमनी एकदा मादी उघडून भिंगाखाली दाखवली होती. आत पिल्लं ओळीने होती. सगळ्यात मोठं दाराजवळ, लहान लहान होत मागे. प्रत्येकाला स्वतःचा शंख, प्रत्येकाला स्वतःचं झाकण. त्यानंतर मी ते कालवण सोडलं. आई हसायची. बाबा तर गप्प माणूस, पण घरात न सांगता बरंच काही करून मोकळे व्हायचे. माझी कॉलेजची फी भरून आले आणि आठ दिवसांनी सांगितलं. तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, "गोगलगाय आन् पोटात पाय!" बाबा त्यावर खूश होऊन हसले होते.

दोन हजार पाचच्या जुलैतला तो पूर आमच्याकडच्या कोणालाच सांगायला नको. दुपारी पाणी गल्लीत होतं, चार वाजता उंबऱ्यावर आणि मग कमरेला. बाबांनी आम्हा दोघींना समोरच्या तीन मजली इमारतीत नेलं. आई जिन्याने पुढे गेली. मी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले आणि खाली उभ्या असलेल्या बाबांना म्हणाले, "बाबा, माझी निळी फाईल. कपाटावर आहे. सगळ्या मार्कशीट त्यात आहेत."

ते "आलो" म्हणाले आणि वळले. छातीएवढ्या पाण्यातून आमच्या दाराशी पोचलेले मला दिसले. आत गेलेले दिसले. बाहेर आलेले दिसले नाहीत. त्यानंतर पाणी एकदम चढलं आणि अंधारून आलं.

निळी फाईल आम्हाला कपाटावरच सापडली. छताजवळच्या त्या वीतभर जागेत ती कोरडी राहिली होती. बाबांचा तिला हातही लागला नव्हता. फाईलबद्दल मी कोणालाच काही बोलले नाही.

मामा आणि मी दोन आठवडे फिरलो. पोलीस चौकी, सरकारी दवाखाने, खाडीच्या काठची गावं. एका ठिकाणी चादर बाजूला करून दाखवली. ते बाबा नव्हते, आणि मला आनंद झाला. समोर दुसऱ्या कोणाचा तरी बाबा पडला होता आणि मला आनंद झाला, याची लाज मला आजही वाटते. कागदावर बाबा बेपत्ता राहिले.

त्या घरात परत राहणं शक्य नव्हतं. मामा अंबरनाथला बुवापाड्यात राहायचा. त्याच्या शेजारची खोली त्याने आम्हाला मिळवून दिली. सामान म्हणजे दोन पिशव्या, निळी फाईल, धुऊन इस्त्री केलेला तो शर्ट आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात आमच्याच घरातला पुराचा चिखल सुकवून भरलेला, आणि त्यात पाच गोगलगायी. आईने डबा फळीवर, बुद्धमूर्तीच्या खालच्या कप्प्यात ठेवला. बाबांची पद्धत तिला तोंडपाठ होती.

रोज सकाळी वंदना झाली की ती डबा खाली घ्यायची. पाचही बाहेर काढायची, टकटक करायची, वास घ्यायची आणि परत चिखलात बसवायची. आणि एक गोष्ट तिने सुरू केली: दाराला कडी लावणं सोडलं. दिवसा नाही, रात्रीही नाही. "ते आले आन् दार बंद दिसलं तर?" एवढंच म्हणायची. बुवापाड्यात दार उघडं टाकून झोपणारं आमचं एकमेव घर असेल. वाऱ्याने ते दार रात्रभर हळूहळू हलायचं, आणि दर वेळी आम्ही दोघी जाग्या व्हायचो. मी डोळे मिटून पडायचे. आई उठून बसायची.

सप्टेंबरात, हवा दमट असताना, एका सकाळी आईने डबा उघडला तर आत चारच. तिने आरडाओरडा केला नाही. खाली बघत बघत दाराकडे गेली. पाचवी उंबऱ्यावर होती, तोंड बाहेरच्या बाजूला. डब्याच्या न बसलेल्या झाकणातून निघून, फळीवरून उतरून, फरशीवर चकचकीत रेघ ओढत ती बरोबर दारापर्यंत गेली होती. शास्त्र म्हणतं, ओल शोधत जाते. मला शास्त्र येत होतं. तरी अंगावर काटा आला.

"वाट बघायला गेली ती," आई म्हणाली आणि तिला पदरात घेतलं. तिच्या शंखाच्या ओठाला एक टवका गेलेला होता, त्यावरून ती पुढेही ओळखू यायची. आई तिला 'थोरली' म्हणायला लागली.

त्याच सुमारास कॉलेजने मला बाबांच्या जागी रोजंदारीवर घेतलं. बाबांचा निळा कोट मी घालायचे, बाह्या दुमडून. त्यांच्याच बरण्या पुसायचे. जिवंत माल आता वांगणीकडचा एक माणूस आणून द्यायचा. त्याच्या गावच्या तळ्यातल्या गोगलगायी बादलीत भरून आणायचा आणि म्हणायचा, "घे ताई, ताज्या हायत, दार बघ कशी लावून बसल्यात."

डिसेंबरात एका पहाटे मला वास आला. आई मोरीत होती. मी डबा काढला. एका गोगलगायीचं झाकण आत कलंडलं होतं आणि कडेने पाणी सुटलं होतं. मी ती कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि आई बाहेर यायच्या आत डबा वर ठेवून दिला. पोटदुखीचं नाटक करून तिला चहाला लावलं. वंदना राहिली, टकटकही राहिली. पाच वर्षांत खोटं बोलले नसेन इतकं त्या दहा मिनिटांत बोलले.

कामावर जाताना मी शिवमंदिराकडे उतरले. देवळाला लागून वालधुनी वाहते. बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी तिथेही गोगलगायी पायाला लागायच्या. मला वाटलं, एखादी मिळेल. पाणी त्या दिवशी जांभळं होतं. कधी लाल असतं, कधी निळं, कारखान्यांतून रंगाचं जसं पाणी सुटेल तसं. वाकून काठावरची माती बोटांनी उकरली तर खाली शंखच शंख. पांढरे पडलेले, मुठीने निघत होते. एकालाही झाकण नव्हतं. वरती देवळात घंटा वाजत होती, बेलाची पानं विकणारी बाई "ताई, काय हरवलं?" विचारत होती, आणि मी त्या शंखांवर उकिडवी बसले होते. इतकी सगळी दारं उघडी. मी पळतच वर आले.

शेवटी कॉलेजच्या टबातून एक उचलली. तेवढ्याच आकाराची, तशाच पट्ट्यांची. दुसऱ्या दिवशी आईने टकटक केलं, वास घेतला, थोडा वेळ हातात धरली आणि परत ठेवली.  मी सुटले.

एकदा हाताला चटक लागली की पुढचं सोपं होतं. जानेवारीत दुसरी गेली, फेब्रुवारीत दोन. मी चारही बदलल्या. मला वाटायचं, मी आईला जगवते आहे. बाबा माझ्या फाईलसाठी गेले. निदान त्यांची वाट तरी बंद पडू द्यायची नाही, एवढं माझ्या हातात होतं. पण खरी एकच उरली होती, ती टवक्याची थोरली. तिच्यावर मी जीव टाकला. कामावर निघताना रोज डबा उघडून तिच्या दाराला बोट लावायचे. बंद असायचं. मग दिवस बरा जायचा.

होळीनंतर थोरलीतून आवाज यायला लागला. हातात घेऊन हलवली की आत बारीक खुळखुळ व्हायची, वाळूचे कण शिंपल्यात हलावेत तशी. वजनही हलकं लागायचं. मी आईला विचारलं, "आत काय हलतं गं?"

"आसंल काय ते," ती म्हणाली आणि माझ्या हातातून काढून घेतली.

पुढे कधीकधी कोणी हात न लावताही डब्यात खरखर व्हायची. त्या माझ्या चौघींपैकी एखादी कूस बदलत असेल. पण अंथरुणात पडल्या पडल्या ऐकलं की वाटायचं, बाबा बाहेरून दाराशी चपला घासताहेत. तशीच त्यांची सवय होती. चिखल आत येऊ नये म्हणून.

मे महिन्यात मामा बोलला. मामा कंपनीत सुपरवायझर, त्याला प्रत्येक गोष्टीचा निकाल लावायची घाई. "ताई, किती टाइम असं चालणार? वर्ष होत आलं. जुलैमध्ये पुण्यानुमोदन करून टाकू. भंतेजींना मी बोलतो. रात्रभर दार खुला टाकून झोपता तुम्ही दोघी, लोक काय काय बोलतात माहितीय?"

पुण्यानुमोदन म्हणजे आमच्यातला गेलेल्या माणसाचा शेवटचा कार्यक्रम. तो झाला की माणूस गेला, हे घराने मान्य केलं. मी आईकडे पाहिलं. मला वाटलं, भांडेल.

ती भांडली नाही. म्हणाली, "जुलैत डबा पाण्यात सोडते. त्यांच्या खिशातली एक जरी गोगलगाय उघडली, तर कार्यक्रम नाय. एकबी उघडली नाय, तर तू म्हणशील तसं."

मामा लगेच हो म्हणाला. वर्षभर फळीवर पडलेले किडे मेलेलेच असणार, असं त्याचं शास्त्र. पण माझ्या चार उघडणारच होत्या. मीच निकाल लावून ठेवला होता. आई आणखी वर्षभर दार उघडं ठेवणार, मग आणखी एक वर्ष, आणि म्हातारी होईपर्यंत रात्री उठून बसत राहणार. हे मी तिच्यावर घातलं होतं. सांगावं तर बाबा त्याच दिवशी मरणार. आणि मारणार मी, दुसऱ्यांदा. दोन महिने मी तोंड उघडलं नाही.

वर्ष पुरं झालं त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आईने खोलीच्या मधोमध काचेचं मोठं भांडं ठेवलं. कॉलेजातून मीच आणलेलं. त्यात पाणी ओतलं. मामा भिंतीला टेकून बसला. आईने चिखल झाडून पाचही हळूच तळाशी ठेवल्या आणि आम्ही बघत बसलो.

अर्ध्या तासात पहिलीचं दार किलकिलं झालं. मग दुसरीचं. काळपट पाय बाहेर आला, त्यावर दोन शिंगं, शिंगांच्या मुळाशी डोळ्यांचे दोन ठिपके. एकीने भांड्याच्या काचेवर चढायला सुरुवात केली आणि तिचं तोंड काचेला लागून उघडझाप करताना दिसायला लागलं. काहीतरी सांगत असावी असं. मामा ताठ बसला. "अरे बापरे," म्हणाला, "ये तो जिंदा है." तासाभरात चारही चालत होत्या. थोरली तशीच पडून होती.

मामा उठला. त्याचं तोंड उतरलं होतं. "ठीक आहे ताई. जुबान दिली होती. नाही करत कार्यक्रम."

तो चपला घालायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब मामा. ह्या चार खिशातल्या नाहीत. त्या मेल्या. ह्या मी आणल्या, कॉलेजातून."

मामा माझ्याकडे बघतच राहिला. मी आईकडे बघायचं धाडस केलं नाही. घाईघाईने पुढे बोलत सुटले, "पण पाचवी खरी आहे आई! ती मी बदललेली नाही. तिच्या ओठाला टवका आहे बघ. ती बंद आहे ना? बंद आहे तोवर जिती आहे. तिला वेळ लागतोय फक्त. ती उघडेल, थांबा ना, सगळे जरा थांबा!"

माझाच आवाज मला ऐकू आला तेव्हा मी गप्प झाले. वर्षभर मला वाटत होतं की वाट आई बघते आहे.

आई म्हणाली, "माहीत हाय मला. पहिली बदललीस त्याच दिशी कळलं."

तिने काचेवरची एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "टोक बघ हिचं. कसं सुईसारखं हाय. ही तळ्याची. नदीची घासून घासून टोकाला बोथट व्हते. बी.एस्सी. झालीस ना तू?" मग जरा हसली. "गोगलगाय आन् पोटात पाय. बापासारखीच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? रोज सकाळी डब्यात बोट घालून मगच कामाला जायचीस. मी काढून घेतलं आसतं तर कशाच्या जोरावर गेली आसतीस?"

तेवढ्यात पाण्यात थोरलीचं दार हललं. मी ओरडलेच. "बघ! आई, बघ!"

दार आणखी हललं. पण पाय बाहेर आला नाही. झाकण एका कडेने सुटलं, पाण्यात एक ढगाळ, चिकट धागा पसरला, आणि ते तपकिरी झाकण वर्तुळांसकट तरंगत तरंगत बाजूला गेलं. मागे शंखाचं तोंड नुसतं काळं, रिकामं. आणि त्या काळ्यातून एकेक करून मोहरीएवढे शंख बाहेर पडायला लागले. सात, आठ, मग आणखी. पूर्ण घडलेले, पट्टे असलेले, पांढरट. तळाशी पडले ते पडले, हलले नाहीत. तीच ती खुळखुळ. ती मादी होती, आणि पिल्लं आतच राहिली होती.

"होळीच्या आधीच गेली ती," आई म्हणाली. "सुईनं मांस काढलं, धुतली, सुकवली, आन् दार डिंकानं चिकटवलं. वरपर्यंत सुई पोचली नाय, ती पोरं आतच ऱ्हायली."

"कशाला केलंस तू असं?" मी रडत होते.

"तुझ्यासाठी. तू माझ्यासाठी करीत व्हतीस तसंच." तिने माझा हात धरला. "आन् ती फाईल. तू जिन्यावरून मागितलीस ते मी वरून ऐकलं व्हतं. मला हाक मारून थांबवता आलं आसतं त्यांना. मीबी नाय थांबवलं. वाटलं, दोन मिनटात येतील."

मामा दाराशी उभा होता. एक चपल पायात, एक हातात. आई त्याला म्हणाली, "खिशातली एकबी उघडली नाय. भंतेजींना सांग रविवारचं."

पुण्यानुमोदन रविवारी झालं. इस्त्री केलेला शर्ट आईने फोटोखाली घडी घालून ठेवला. त्रिशरण म्हणताना माझा आवाज फुटला आणि मी तो फुटू दिला. त्या चौघींना मी दुसऱ्या दिवशी वांगणीवाल्याच्या बादलीतून परत धाडलं, त्यांच्या तळ्यात. भांड्यातलं पाणी ओतताना तळाशी चार-पाच नवे, जिवंत ठिपके चालताना दिसले. तेही बादलीत टाकले. थोरलीचा शंख तेवढा माझ्याकडे राहिला, निळ्या फाईलवर. अजून आहे.

रविवारी शेवटचे पाहुणे गेले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. आईने सतरंजी गुंडाळली, ताटं मोरीत नेली आणि मग येऊन दार ओढून घेतलं. वर्षभर न वापरलेली कडी गंजली होती. दोन्ही हातांनी जोर लावून तिने ती बसवली. मी कोपऱ्यातून बघत होते. माझ्याने राहवेना. उठून दाराशी गेले आणि नखाने दारावर टकटक केलं.

"बंद हाय," आई मागून म्हणाली. "ये, जेवून घे."